ट्रॅकवरच्या मदतीचे पैसे द्यावेत का?

वाचकांचे प्रश्न : मोटारस्पोर्ट

गोव्यात मोटारींच्या सर्किट शर्यतीसाठी कायमचा ट्रॅक नाही. त्यामुळे इथल्या हौशी ड्रायव्हरला कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक, गाठावा लागतो. पहिला सुमारे २.१ किलोमीटरचा, दुसरा ३.७१७ किलोमीटरचा. दोन्हीकडे एका बाजूचा प्रवास आठ-नऊशे किलोमीटर. या वेळच्या बहुतेक पत्रांमागे हेच अंतर आहे.

प्रश्न : मी फोंड्याला राहतो. माझी २०१२ची पोलो रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), रेसिंग सीट, पट्टे बसवून तयार आहे. यंदा पहिल्यांदा कोइम्बतूरला उतरणार आहे. तिथल्या एका टीमने शनिवार-रविवारच्या मदतीचे सत्तर हजार सांगितले: एक मेकॅनिक, हत्यारे, तंबूत जागा. सुटे भाग आणि टायर वेगळे. मित्र म्हणतात, एवढ्यात टायरचा सेट येईल, गाडी तर आपणच बांधली आहे, मग मेकॅनिक कशाला? काय करावे?

उत्तर : पैशांचे नंतर पाहू. आधी त्या फेरीचे, म्हणजे त्या शनिवार-रविवारच्या शर्यतींचे, वेळापत्रक मागवून घ्या आणि दोन सत्रांमधली मिनिटे मोजा.

समजा क्वालिफायिंग, म्हणजे शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणारे सत्र, १० वाजता संपते आणि पहिली शर्यत ११.४० ला आहे. कागदावर १०० मिनिटे दिसतात. क्वालिफायिंगनंतर गाड्या पार्क फर्मेत जातात आणि तिथे अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय गाडीला हात लावता येत नाही. त्याची ३० मिनिटे धरा. शर्यतीआधी गाडी जमायच्या जागी २० मिनिटे आधी उभी हवी. सूट उतरवणे, पाणी पिणे, घाम टिपणे आणि पुन्हा चढवणे यात पंधरा मिनिटे जातात. ती वाचवायला जाऊ नका, कारण दक्षिणेतल्या उन्हात चक्कर आलेला ड्रायव्हर इतरांनाही धोक्याचा असतो. हाती उरली पस्तीस मिनिटे.

या पस्तीस मिनिटांत काय व्हायला हवे? चारही चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासणे, पाच मिनिटे. पेट्रोल मोजून भरणे, दहा मिनिटे. ब्रेक पॅडची जाडी आणि कॅलिपरभोवती (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाभोवती) गळती पाहणे, दहा मिनिटे. गाडीखाली डोकावून ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, इंजिन ऑइल, कूलंटचे पाइप पाहणे, पाच मिनिटे. एकूण तीस. म्हणजे सगळे ठीक असेल तर तुमचे तुम्ही भागवाल.

आता एकच गोष्ट बिघडवून पाहा. पुढचे पॅड चार मिलिमीटरवर आले आहेत. रस्त्यावर ते आणखी काही हजार किलोमीटर चालले असते, पण शर्यतीत बदलावेच लागतात. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ पिस्टनमागच्या ब्रेक ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकते. तापलेल्या डिस्कजवळ एकट्याने पुढचे दोन्ही पॅड बदलायला पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची असेल तर आणखी वीस, आणि पेडलवर दुसरा माणूस हवा. तुमची शर्यत इथे हुकते. टीमला पैसे द्यायचे ते या वेळेसाठी. चांगल्या दिवशी तो मेकॅनिक रिकामा बसलेला दिसेल, तेव्हा पैसे वाया गेले असे मनात आणू नका.

दुसरी बाब त्याहून गंभीर. नुकत्याच ट्रॅकवरून उतरलेल्या माणसाचे मन शेवटच्या लॅपमध्ये अडकलेले असते. तो चार चाके काढतो, तीन आवळतो आणि कोणी बोलायला आले की चौथे विसरतो. हौशी पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमचे तंबू आणि गाड्या असतात त्या आवारात, चाक सैल सुटते ते बहुधा असेच. त्यात आपल्याकडचे एक कारण मिसळते: किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हबच्या, म्हणजे चाक ज्याला बोल्टने जोडतात त्या भागाच्या, बैठकीवर गंज धरतो. चाक त्या गंजावर बसते, दोन-चार लॅपमध्ये गंज चेपला जातो आणि १२० न्यूटन-मीटरला आवळलेला बोल्ट सैल होतो. निघण्यापूर्वी चारही हब तारेच्या ब्रशने साफ करा. पोलोला १२० हा आकडा बरोबर आहे. बोल्ट आवळायच्या गनने आवळलेले बोल्ट शेवटी टॉर्क रेंचनेच तपासायचे, पहिल्या सत्रानंतर पुन्हा एकदा, आणि तेही चाके थोडी निवल्यावर.

आता पैसे. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. समजा तुम्ही टीम न घेता फोंड्याचा मेस्त्री सोबत नेता. जाणे, दोन दिवस ट्रॅक, येणे मिळून त्याचे सहा दिवस. रोज १,५०० धरला तर ९,०००. त्याचे राहणे-जेवण दिवसाला १,२०० धरले तर ७,२००. गॅरेजचा जॅक तंबूत नेता येत नाही, म्हणून ट्रॉली जॅक, चार घोड्या, टॉर्क रेंच, गोट्यांचा सेट, प्रेशर गेज यांचे २५,०००. सोबत न्यावेच लागतील अशा सुट्या भागांचे १८,०००. बेरीज ५९,२००. तुमचे स्वतःचे राहणे आणि गाडीचा ट्रक दोन्ही बाजूंना सारखेच, म्हणून ते धरलेले नाहीत.

म्हणजे पहिल्या फेरीला फरक जेमतेम अकरा हजारांचा, आणि टीमकडे अनुभव जास्त. तिसऱ्या फेरीला मात्र हत्यारे तुमचीच आहेत, न वापरलेले भाग पेटीत आहेत, आणि तुमचा खर्च सोळा-सतरा हजारांवर आला आहे. तिथे सत्तर हजार जड होतात. म्हणून आमचे मत असे: पहिल्या फेरीला टीम घ्या, पण मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. कोणत्या सत्रानंतर काय पाहिले, किती वेळ लागला, कुठला पाना कमी पडला, हे वहीत लिहा. मग घरी शेडमध्ये कसोटी घ्या. गाडी थोडी फिरवून ब्रेक तापवा, घड्याळ लावा, एका मित्राच्या मदतीने पुढचे पॅड बदलून हवा काढा आणि चाके टॉर्क करा. सलग दोनदा पस्तीस मिनिटांत जमले तर पुढची फेरी स्वतःच्या बळावर करा. पन्नास मिनिटे लागत असतील तर अजून एक फेरी टीमसोबत.

प्रश्न : टीमला आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी काय विचारावे? फोनवर सगळे “हो, होऊन जाईल” म्हणतात. (म्हापसा)

उत्तर : फोनवर ठरवाच, पण त्याच दिवशी सगळे लिहून पाठवा आणि लेखी होकार घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही चालेल.

सर्वांत आधी विचारा: एका मेकॅनिककडे किती गाड्या? दोन गाड्या एकाच वर्गात धावत असतील तर दोन्ही एकाच वेळी पिटमध्ये येतात आणि एकच वेळी काम मागतात. तुम्ही नवे आणि दुसरा गुणांसाठी लढणारा, मग मेकॅनिक कोणाकडे आधी जाणार ते तुम्हीच ओळखा. एका मेकॅनिकला दोन गाड्या, पण वेगळ्या वर्गातल्या, हे चालण्यासारखे आहे. तीन गाड्या असतील तर तुम्हाला हत्यारे आणि सावली मिळेल, माणूस मिळणार नाही, आणि रक्कम त्या मानाने कमी व्हायला हवी.

मग “मदत” या शब्दात काय काय आहे ते सोडवून घ्या. मेकॅनिक गाडी सुरू ठेवतो. इंजिनिअर टायर प्रेशर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), डॅम्पर (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) ठरवतो आणि डेटा वाचतो. कोच तुम्हाला ब्रेक कुठे सोडायचा ते शिकवतो. ही तीन वेगळी कामे आहेत आणि बहुतेक वेळा तीन वेगळी माणसे. नवख्या ड्रायव्हरने सेटअपसाठी इंजिनिअरला पैसे देण्यापेक्षा अर्धा दिवस कोच घ्यावा असे आम्हाला ठामपणे वाटते. पहिल्या वर्षी तुमच्या दोन लॅपमध्येच सेकंदाचा फरक असतो, तेव्हा कॅम्बरच्या अर्ध्या अंशाचा परिणाम डेटात दिसतच नाही.

ब्रेक ऑइल, क्लीनर, टेप, इंजिन ऑइल रकमेत आहेत का वेगळे? सुटा भाग टीमच्या पेटीतून लागला तर कोणत्या दराने, आणि काढलेला जुना भाग तुम्हाला परत मिळणार का? जुना भाग मागाच. बेअरिंग खरेच गेले होते का हे हाताने फिरवून कळते. फेरी पुढे ढकलली गेली तर आगाऊ रकमेचे काय? अपघात झाला तर रात्री काम करण्याचे वेगळे पैसे आहेत का? टायर बदलून देणारा माणूस ट्रॅकवर आहे का बाहेर जावे लागते?

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करून ठेवा: गाडी धोकादायक आहे असे मेकॅनिक म्हणाला तर ती बाहेर जाणार नाही. पैसे तुमचे असले तरी हा अधिकार त्याला लेखी द्या. हेल्मेट घातल्यावर माणसाला आपली गाडी नेहमी ठीकच वाटते.

प्रश्न : आमचा चिरंजीव एकोणीस वर्षांचा आहे. कार्टिंग करायचा, आता त्याला गाडीच्या शर्यतीत उतरायचे आहे. गाडी आमची नाही. टीम म्हणते की गाडी आमची, तुम्ही फक्त मुलगा पाठवा. हे फसवणुकीचे तर नाही ना? (एक आई, मडगाव)

उत्तर : ही पद्धत रूढ आणि सरळ आहे. तिला ‘अराइव्ह अँड ड्राइव्ह’ म्हणतात: गाडी, मेकॅनिक, पेट्रोल, वाहतूक सगळे टीमचे, ड्रायव्हरने हेल्मेट आणि सूट घेऊन यायचे. गोव्याहून जाणाऱ्या मुलासाठी पहिल्या वर्षी आम्हीही हाच मार्ग सुचवू. ट्रकचा प्रश्न मिटतो आणि गाडी बांधण्यात वर्ष जात नाही.

ताई, तुमचे पैसे अडकतात ते नुकसानीच्या अटीत. भाडे ठरलेले असते, पण गाडी ठोकली तर दुरुस्ती ड्रायव्हरकडून घेतली जाते. तेव्हा तीन गोष्टी कागदावर घ्या. एक, नुकसानीची कमाल मर्यादा किती. मर्यादा नाही असे उत्तर आले तर दुसरी टीम पाहा. दोन, दुसऱ्याने येऊन ठोकले तर कोण देणार. बहुतेक ठिकाणी तेही तुमच्याच माथी असते, पण ते आधी कळलेले बरे. तीन, इंजिन किंवा गिअरबॉक्स निकामी झाला तर कोणाची चूक हे कसे ठरवणार. इथे मुलाने सावध राहायला हवे. चौथ्यावरून तिसऱ्याऐवजी चुकून पहिला गिअर पडला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरते, व्हॉल्व्ह वाकतात, आणि डेटा लॉगरमध्ये ते आरपीएमसकट नोंदले जाते. ती चूक ड्रायव्हरचीच. उलट डेटात असे काही नसताना इंजिन गेले तर ते टीमच्या देखभालीचे. “नुकसान झाल्यास डेटा दोघांनी मिळून पाहायचा” हे वाक्य करारात घाला.

विम्यावर विसंबू नका. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीतून संघटित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी हे वापर वगळलेले असतात. घरची गाडी घेऊन ट्रॅकवर गेलात तरी हेच. मुलाच्या अपघात विम्याची पॉलिसीही नीट वाचा आणि मोटार शर्यत वगळली आहे का ते एजंटाला लेखी विचारा.

राष्ट्रीय शर्यतीसाठी एफएमएससीआयचा, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा, परवाना लागतो. तो मुलाच्या नावावर, मुलाच्या हाती असला पाहिजे. “परवान्याचे आम्ही पाहून घेऊ” असे टीम म्हणाली तरी परवान्याची प्रत फेरीपूर्वी मागून घ्या. हेल्मेट मोटारसायकलचे चालत नाही. मोटार शर्यतीच्या हेल्मेटचे आतले अस्तर आग सोसणारे असते, म्हणून त्याचे प्रमाणपत्र वेगळे. स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, लेबल पाहतात, पावती नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीतला मेस्त्री वीस वर्षे गाड्या दुरुस्त करतो. तो सोबत आला तर टीमची गरज काय? (वास्को)

उत्तर : चांगला मेस्त्री मोठा आधार आहे, त्याला जरूर न्या. पण गॅरेजचे काम आणि पॅडॉकचे काम यांची रीत वेगळी आहे, तेवढी आधी शिकवावी लागते. गॅरेजात गाडी बिघडली की काम सुरू होते. ट्रॅकवर काहीच बिघडलेले नसताना दर सत्रानंतर तेच काम, त्याच क्रमाने करायचे असते.

गाडी आली की हँडब्रेक ओढायचा नाही. मागचे पॅड किंवा लायनर तापलेल्या डिस्कला-ड्रमला चिकटतात, डिस्कवर एके जागी थर बसतो आणि पुढच्या सत्रात पेडल थरथरते. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळे लावा. बॉनेट उघडा. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना कोणी उघडू नये, ते मेस्त्रीला सांगायची गरज नाही, पण मदतीला आलेल्या भाच्याला सांगावे लागते.

पहिले काम टायरमधल्या हवेचे, आणि ते दोन-तीन मिनिटांत. तापलेल्या टायरचा आकडाच कामाचा असतो, तो लगेच उतरू लागतो. हवेचे गणित सोपे आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दीड पीएसआय वाढतो. सकाळी सावलीत ३२ अंशांना २६ पीएसआय भरले आणि टायरमधली हवा ७५ अंशांवर गेली तर आकडा बत्तिसाच्या जवळ येतो. तुमच्या टायरला गरम ३२ हवे असतील तर सकाळी २६ भरायचे. दुपारी डांबर तापल्यावर तेच २६ भरले तर गरम आकडा बत्तिसाच्या वर जाईल, टायर मधोमध घासेल आणि गाडी घसरेल. म्हणून दर सत्राला थंड आकडा, गरम आकडा आणि वेळ एका कागदावर लिहायची. नेहमी एकच गेज वापरा. दोन गेजांत दीड-दोन पीएसआयचा फरक सहज असतो.

मग चाके, ब्रेक, गाडीखालची पाहणी, शेवटी पेट्रोल. पेट्रोल भरताना दुसरा माणूस अग्निशामक हातात घेऊन उभा हवा आणि गाडीत कोणी बसलेले नको. किती भरायचे? सरावाआधी टाकी गळ्यापर्यंत भरा, आठ लॅप करा, मोजमापाच्या कॅनने पुन्हा गळ्यापर्यंत भरा, आठाने भागा. शर्यतीच्या लॅप अधिक तीन, त्यावर आठ-दहा लिटर शिल्लक. साध्या टाकीत तळाशी थोडेच पेट्रोल असेल तर लांब वळणात ते एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढतो. गाडी वळणातून बाहेर पडताना झटका देते, मग लोक दिवसभर इग्निशन कॉइल बदलत बसतात.

पेट्रोल गोव्यातून नेऊ नका. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय नेण्या-ठेवण्याची कायद्यातली मर्यादा एकूण ३० लिटर आहे, तीही घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. ट्रॅकजवळच्या पंपावर घ्या.

मेस्त्रीच्या नावाने पॅडॉकचा पास आधी काढा, नाहीतर तो गेटवर अडकतो. त्याची झोप पाहा. रात्रभर ट्रकमध्ये बसून आलेल्या माणसाकडे सकाळी टॉर्क रेंच देऊ नका. आणि फेरी चवथीच्या आठवड्यात पडली तर मेस्त्री येणार नाही हे धरूनच चाला. तो गावी आपल्या घरी गणपतीसमोर असणार, आणि ते योग्यच आहे. त्या एका फेरीसाठी टीम बोलून ठेवा.

प्रश्न : स्वतःच जायचे ठरवले तर कोणते सुटे भाग न्यावेत? (डिचोली)

उत्तर : निवड करताना एकच कसोटी लावा: हा भाग गेला तर गाडी थांबेल का, आणि तो ट्रॅकवर तासाभरात बदलता येईल का? दोन्हींचे उत्तर हो असेल तरच पेटीत टाका. गिअरबॉक्स नेऊ नका, बदलता येणार नाही.

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत आधी मार खातात ती पुढची हब बेअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट. चिकट टायर आणि कर्बवरचे (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरचे) धक्के बेअरिंगला सोसत नाहीत, आणि ब्रेकच्या उष्णतेने बाहेरच्या जॉइंटचा बूट फाटून ग्रीस उडते. डावा-उजवा दोन्ही शाफ्ट न्या, लांबी वेगळी असते. बेअरिंग प्रेसने बसणारे असेल तर सुटे बेअरिंग नेऊन उपयोग नाही, नकलसकट (बेअरिंग ज्या धातूच्या भागात बसते त्यासकट) बसवलेला जोड न्या. पुढच्या पॅडचा एक घासून बसवलेला सेट. कोरे पॅड शर्यतीआधी बसवले तर पहिल्या लॅपला गाडी थांबत नाही. खालचा बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, एक कॉइल, प्लगचा सेट, फॅन बेल्ट, कूलंटचे पाइप व क्लिपा, चाकाचे आठ-दहा बोल्ट, इंजिन ऑइल चार लिटर, रिमवर चढवलेले दोन टायर. जाड टेप, तार आणि केबल टाय भरपूर. बंपर लोंबकळत असेल तर अधिकारी गाडी आत बोलावतात, मग शर्यत तिथेच संपते.

प्रश्न : गाडी ट्रकने पाठवायची का ट्रॅकच्या गावीच ठेवायची? (साखळी)

उत्तर : रोल केज बसवलेली, सीट काढलेली गाडी रस्त्यावरून चालवत नेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार असे मूळ बदल चालत नाहीत. ट्रक किंवा फ्लॅटबेडच हवा. वर्षाला एकच फेरी करणार असाल तर ट्रक. तीन-चार करणार असाल तर गाडी टीमच्या शेडमध्येच ठेवून महिन्याचे भाडे देणे बहुधा स्वस्त पडते: प्रत्येक फेरीचे सतराशे-अठराशे किलोमीटर वाचतात आणि तुम्ही रेल्वेने किंवा विमानाने मोकळ्या हाताने जाता. तोटा एकच, दोन फेऱ्यांमध्ये गाडीवर काय काम झाले ते दिसत नाही. म्हणून ठेवताना किलोमीटर, पॅडची जाडी, टायरची खोली यांचे फोटो काढा आणि परत घेताना ताडून पाहा.

ट्रकने पाठवत असाल तर पट्टे चाकांना बांधा. अँटिरोल बार किंवा लोअर आर्मला (चाकांना जोडलेल्या सस्पेन्शनच्या दांड्यांना) बांधले की खड्ड्यांत त्यांच्यावर ताण येतो आणि अलाइनमेंट हलते. पन्नास किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायला सांगा, पहिल्या धक्क्यांनी गाडी बसते. पावसाळ्यात अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड किंवा अवजड वाहनांना बंदी आली तर कारवार-अंकोल्याहून हुबळीकडे जावे लागते. एक दिवस हाताशी ठेवूनच ट्रक काढा. स्क्रूटिनीची वेळ कोणासाठी थांबत नाही.

प्रश्न : जूनपासून गाडी शेडमध्ये उभी आहे. ऑक्टोबरात थेट टीमकडे पाठवली तर चालेल का? (काणकोण)

उत्तर : नको. आधी तीन गोष्टी घरीच करा, नाहीतर टीमचा पहिला अर्धा दिवस त्यातच जाईल आणि तो तुमच्या पैशांचा आहे.

ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतला ओलावा ओढते, आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याची कमी नसते. डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल कोरे असताना किमान २३० अंशांना उकळते, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. रस्त्यावर हा फरक कळत नाही, करी ट्रॅकवर दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला कळतो. गेल्या वर्षीची अर्धी उघडलेली बाटली कितीही घट्ट बंद केलेली असली तरी वापरू नका.

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेही ओलावा धरते. चार महिन्यांत पाणी तळाशी बसते आणि पंपात जाते.

तिसरे, वायरिंग हाताने तपासा. पावसात उंदीर शेडमध्ये येतात आणि सेन्सरची एखादी बारीक वायर अर्धी कुरतडून ठेवतात. गाडी शेडमध्ये व्यवस्थित सुरू होते, ट्रॅकवर हादरे बसले की तुटते. सीटचे पट्टे सोडवून उन्हात पसरा, शिलाईवर बुरशी असेल आणि कोमट पाण्याने जात नसेल तर पट्टे बदला. लेबलवरचे वैधतेचे वर्षही त्याच वेळी पाहा. डिस्कवरचा वरवरचा गंज चार-सहा वेळा जोरात ब्रेक लावून जातो, पण चाक हाताने फिरत नसेल तर कॅलिपरची पिन अडकली आहे. ती काढून साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा, साधे ग्रीस रबर फुगवते.